मटिल्डाबायची घंटा

"घाई करू नये, असं ह्यात पानोपानी लिहिलंय," चष्मा कपाळावर सरकवत प्रल्हादराव म्हणाले.

"ते तुम्हाला लिहून कळवायला नको होतं," पोळपाटावरून मान न उचलता वसुंधराबाई म्हणाल्या. "एवढंसं चोपडं वाचायला आठवडा लावलात. तो जॅक्सन रोज खाली विचारतो, काकांचं झालं का म्हणून."

जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, एक काळी डबी होती. तिला चार बटणं आणि लाल आकडे दाखवणारी एक खिडकी. डबीतून निघालेल्या वायरी मुठीएवढ्या एका मोटरला जोडलेल्या होत्या. ही स्टेपर मोटर. पंख्याच्या मोटरसारखी ती गरगरत सुटत नाही. सांगितली तेवढी पावलं फिरते आणि थांबते. किती पावलं, कुठल्या बाजूला, किती वेगानं, मध्ये किती थांबायचं आणि हे सगळं किती वेळा करायचं, ते त्या डबीत आधी भरून ठेवावं लागतं. भरणाऱ्याला ते नक्की ठाऊक असावं लागतं. प्रल्हादरावांना आयुष्यात नक्की असं काहीच ठाऊक नव्हतं.

मोटर होती साकरआळीतल्या चॅपेलच्या घंटेसाठी. माणिकपूरच्या त्यांच्या इमारतीची मागची भिंत संपली की साकरआळी सुरू व्हायची. कौलारू घरं, केळी, विहिरी, रस्त्याच्या वळणावर एक क्रूस आणि एक बुटकं चॅपेल. तिथली घंटा जॅक्सन दोरीनं वाजवायचा. त्याच्या आधी त्याचा बाप वाजवायचा. यंदा जॅक्सनचा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. तेव्हा कुवेतमधल्या त्याच्या मेहुण्यानं ही मोटर पाठवून दिली. मोटर दांडा ओढणार, दांडा हातोडा उचलणार, हातोडा घंटेवर पडणार. फक्त डबीत आकडे भरायचे होते, आणि पुस्तिका इंग्रजीत होती, तीही इंग्रजीशी फारशी ओळख नसलेल्या माणसानं लिहिलेली.

"आमच्या ह्यांना द्या," वसुंधराबाई पावाच्या दुकानात जॅक्सनला म्हणाल्या होत्या. "ते काहीही वाचतात."

वाचणं वेगळं आणि येणं वेगळं, हे प्रल्हादरावांनी कॉलेजच्या ग्रंथालयात सबंध नोकरीभर जवळून पाहिलं होतं. पण जॅक्सन दारात उभा राहून "काका, आता तुम्हीच," असं म्हणाला तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला ते नेहमीच फार वेळ घेत, आणि तोवर समोरचा आभार मानून निघून गेलेला असे.

आकडे त्यांनी फार विचार करून भरले. वेग सर्वांत कमी. कारण पुस्तिकेत म्हटलं होतं की पहिल्या चाचणीला वेग कमी ठेवणाराच दुसऱ्या चाचणीला हजर असतो. दोन ठोक्यांमधली विश्रांती सर्वांत जास्त. कारण विश्रांतीनं कुणाचं नुकसान झाल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. 'फेऱ्या' या शब्दासमोर शून्य, म्हणजे एकदा वाजून गप्प बसेल. 'वीज परत आल्यावर मागील काम पुढे चालू करावे काय?' याला होय. अर्धवट काम त्यांना आवडत नसे. शेवटी डबीला कुलूप म्हणून एक आकडा घालायचा होता. तो सहज ओळखता येऊ नये आणि कुठेही लिहून ठेवू नये, अशी सूचना होती. प्रल्हादरावांनी दोन्ही गोष्टी पाळल्या.

साकरआळीत घंटेची एक बोली आहे. ती कुठे छापलेली नसल्यामुळे प्रल्हादरावांना ती ठाऊक नव्हती. भरभर वाजली की सण. मध्यम वाजली की प्रार्थना. आणि एक ठोका, मग लांबलचक शांतता, मग दुसरा ठोका, असं झालं की आळीतलं कुणीतरी गेलं.

चाचणी दुपारी, जेवणं झाल्यावर ठरली. मोटर वर बसवून झाली. डबी खाली भिंतीवर लागली.

"काका, तुम्ही चालू करा," जॅक्सन म्हणाला. "मी चहा सांगून येतो."

प्रल्हादरावांनी बटण दाबलं. वर काहीतरी कुरकुरलं आणि घंटा वाजली. मग इतका वेळ काहीच झालं नाही की त्यांना समाधान वाटलं. आपल्या हातून एक काम नीट झालं, असा विचार मनात येतो न येतो तोच दुसरा ठोका पडला. मग तिसरा. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, शून्य फेऱ्या म्हणजे अगणित फेऱ्या असा खुलासा होता. तो त्यांना आता सापडला.

थांबवायचं बटण दाबून धरायचं असतं. प्रल्हादरावांनी ते परक्याच्या दारावरची बेल दाबावी तसं, कुणाला त्रास होणार नाही इतपत, दाबलं. घंटा वाजत राहिली. चॅपेलच्या खिडकीतून त्यांनी पाहिलं, तर घराघरांची दारं उघडत होती. विहिरीवरच्या बाईनं कळशी खाली ठेवून छातीवर क्रूस केला. मग सगळे एकाच दिशेला बघू लागले.

चहाचे पेले घेऊन जॅक्सन धावत आला. चहा वाटेतच सांडला होता.

"काका, कोन गेलं?"

"कोणी नाही. चाचणी आहे."

"अवो, ही मयताची घंटा हाय!"

जॅक्सननं स्टुलावर चढून धडक्या हातानं प्लग उपटला. घंटा थांबली.

"आता वेग वाढवून बघू का?" प्रल्हादराव म्हणाले.

जॅक्सननं प्लग पुन्हा लावला. मागील काम पुढे चालू करावे काय, याला होय असं उत्तर मिळालेलं होतं. डबीनं ते लगेच पाळलं.

"तिला सांगा ना गप बसायला!"

"मी सांगतो आहे," प्रल्हादराव बटणावर बोट टेकवत म्हणाले. "पण ती आधीचं ऐकते आहे."

कोण गेलं, हे आळीनं कुणालाच विचारलं नाही, कारण विचारायची गरज नव्हती. मटिल्डाबाय नव्वदीला आली होती. तिची छाती महिनाभर भरलेली होती आणि मागच्याच आठवड्यात फादर येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले होते. तिची सून फ्लॉसी बाजारातून बोंबील घेऊन येत होती. क्रूसाच्या वळणावर तिनं घंटा ऐकली, पिशवी तिथंच टाकली आणि रडत धावत सुटली. तिच्या मागे बायका आल्या, मेणबत्त्या आल्या. ज्यांचं मटिल्डाबायशी बांधावरून भांडण होतं, तेही मान खाली घालून आले. मोबाइलवर तिचा फोटो फिरू लागला. तो कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला होता आणि तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता.

फ्लॉसी आत शिरली आणि सासूच्या छातीवर पडली. "मय गं!"

"उठ," मटिल्डाबाय म्हणाली. ती पलंगावर बसून चहात पाव बुडवत होती. "चा सांडंल. कोन मेलं?"

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. शवपेट्या करणाऱ्यानं माप आधीच घेऊन पेटी तयार ठेवलेली होती, आणि तो माणूस कामाचा चोख. टेम्पोवाला शत्रुघ्न गर्दीतून वाट काढत आत आला.

"मटिल्डा यांची पेटी आहे. पोचल्याची सही कोणाची घेऊ?"

"माजी घे," मटिल्डाबाय म्हणाली.

शत्रुघ्ननं सही घेतली आणि मग तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला. पेटी परत घेत नाहीत, हे त्यानं कसंबसं सांगितलं. माप घेऊन बनवलेली वस्तू, दुसऱ्याला बसेलच असं नाही. पेटी ओटीवर ठेवली गेली. दोन दिवसांनी फ्लॉसीनं तिच्यात कांदे भरले. झाकण किलकिलं ठेवलं की ते चांगले राहत.

संध्याकाळी मटिल्डाबायनं प्रल्हादरावांना बोलावून घेतलं. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"आत ये, मास्तर. मी चावत नाय. दात नाय मला."

"मी... माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मी क्षमा मागतो."

"क्षमा फादरकडं माग. माजं आयक." तिनं दम घेतला. "आमचा मानूस गेला तवा पुराचं पानी कमरेएवढं. पेटी उचलाला चार जन मिळंनात. चौथा कोन? रिक्षावाला. वाट चुकून आलता. रडाला मी एकटी. तवापासून मी मनात धरलंय, माज्या टायमाला अंगन भरलं पायजे. आज मी खिडकीतून बगितलं. आख्खी आळी आलती. भांडनवाले पन आलते. काय ती गर्दी! आनि सगळी वाया गेली, मी जिती निगाली म्हनून."

प्रल्हादराव उंबरा ओलांडून आत आले.

"मानसाला घंटा एकदाच, मास्तर. माजी तू खर्चून टाकलीस. आता दुसऱ्यांदा कोन येतंय? म्हनून सांगते, माजं अंगन भरायचं तुज्यावर."

'प्रयत्न करीन' असं प्रल्हादराव म्हणणार होते. पण नाही म्हणायला जसा त्यांना वेळ लागे, तसाच अर्धवट हो म्हणायलाही लागे. तोंडातून नुसतं "हो" गेलं, आणि म्हातारीनं डोळे मिटले.

आकडे बदलले की सगळं ठीक होणार होतं. पण आकडे बदलण्याआधी डबी कुलुपाचा आकडा मागत होती, आणि तो प्रल्हादरावांना आठवत नव्हता. सहज ओळखता येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचा वाढदिवस टाळला होता, लग्नाची तारीख टाळली होती, घराचा नंबर टाळला होता. इतकं सगळं टाळल्यावर काय उरलं होतं, ते काही केल्या सुचेना. प्रत्येक चुकीच्या उत्तरानंतर डबी आधीपेक्षा जास्त वेळ बोलेनाशी होई. पुढे पुढे ती दिवस दिवस बोलत नसे. प्लग काढून ठेवावा, तर संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा कोण वाजवणार? जॅक्सनचा खांदा गेलेला. तेव्हा प्रार्थनेलाही मयताचीच घंटा वाजू लागली. नवीन डबी आणायचं चॅपेलच्या कमिटीत निघालं आणि 'सणानंतर बघू' असं ठरलं.

त्यात लाइट जाऊ लागली. ती नेहमीच जायची, पण आता ती परत आली की चॅपेलमध्ये डबीला मागील काम आठवे. एक ठोका. शांतता. दुसरा ठोका. जॅक्सन येऊन बटण दाबून धरेपर्यंत आळीवर मृत्यू वाजत राही.

पहिल्या खेपेला लोक धावले. दुसऱ्या खेपेला दारापर्यंत आले. त्यानंतर नुसते उठून बसू लागले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ही घंटा एका दृष्टीनं सोयीची आहे. माणूस वाडीत पाठमोरा काम करत असला, तरी घरात लाइट आल्याचं त्याला कळतं. मयताची घंटा वाजली की आळीभर विहिरींवरचे पंप सुरू होऊ लागले. "ठोका पडला, मिक्सर लाव," असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. मोबाइलवर कुणीतरी गमतीनं 'मटिल्डाबाय गेली' असं टाकी आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागे.

इकडे इमारतीत वसुंधराबाईही घंटा ऐकली की गिझर लावत.

"तुम्ही काही म्हणा," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून झालेलं हे पहिलंच काम, ज्याचा लोकांना उपयोग होतोय."

प्रल्हादराव जेवणाच्या ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत.

मटिल्डाबाय सणाच्या आधीच गेली. दुपारची वेळ होती, चहात बुडवलेला पाव हातात तसाच होता. या वेळी फ्लॉसीनं तिच्या नाकाशी आरसा धरून पाहिला, मग जॅक्सनला हाक मारली. जॅक्सननं चॅपेलमध्ये जाऊन बटण दाबलं.

एक ठोका पडला. शांतता झाली. दुसरा ठोका पडला आणि आळीत एकामागून एक पंप सुरू झाले.

"लाइट गेलीवती काय?" एका घरातून आवाज आला.

"गेली असंल. लाव पंप."

जॅक्सननं मोबाइलवर लिहिलं, 'मटिल्डाबाय देवाघरी गेली. खरंच.' खाली हसणारे चेहरे उमटू लागले. 'खरंच'पुढे तर जास्तच. त्यानं 'गंमत नाही' असं लिहिलं, त्यावर एकानं टाळ्या पाठवल्या. मग फ्लॉसीनं प्रल्हादरावांना फोन केला.

"काका, कोनीच येत नाय. मी नि जॅक्सन दोगंच हाव. मय बोललीवती, तुमाला सांग म्हनून."

प्रल्हादराव छत्री घेऊन निघाले. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. हातात काही नसलं की त्यांना बोलता येत नसे. कुणाच्या दाराची कडी त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा वाजवली नव्हती. पहिल्या दाराशी ते इतका वेळ उभे राहिले की आतल्या बाईनंच दार उघडलं. ही जोआना, तिचा बांध मटिल्डाबायच्या बांधाला लागून होता.

"काय काका?"

"मटिल्डाबाय... म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे... त्या गेल्या असाव्यात."

"असाव्यात म्हंजे?"

"म्हणजे फ्लॉसीनं आरसा धरला होता. मी स्वतः पाहिलेलं नाही."

"मागल्या टायमाला मी मेनबत्त्या घेऊन गेली," जोआना कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "भांडन इसरून गेली. ती चा पीतवती. माज्याकडं बगून हसली पन. आता पुन्ना नाय."

दुसऱ्या दाराशी एकानं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि मटिल्डाबायनं हे करायला सांगितलं का, ते हळूच विचारलं. तिसऱ्या दाराशी नुसतं "लाइट आहे, काका, कळलं" असं सांगून दार लावलं गेलं. प्रल्हादरावांना स्वतःचीच शंका येऊ लागली. खरंच गेली असेल ना? मागच्या वेळीही सगळ्यांना खात्रीच होती. पण पलंगावरचा तो दम घेणारा आवाज त्यांना आठवला आणि ते चौथ्या दाराकडे वळले. तिथं त्यांनी कडी दुसऱ्यांदा वाजवली. मग तिसऱ्यांदाही.

याचा परिणाम भलताच झाला. निजलेली माणसं उठली. पंप चालू ठेवून आलेली माणसं पंप बंद करून आली. ओटीओटीवरून आवाज चढू लागले.

"घंटेचं वाटोळं केलं ते केलं, आता घरी येऊन छळता?"

"त्या म्हातारीला पन मस्करी सुचते!"

"चला रे सगळे," जोआना गरजली. "मटिल्डाबायसमोरच हुबं करू ह्या काकांना. तिच्या तोंडावर इचारू, किती येळा मरनार हाय ती!"

आळी निघाली. पुढे छत्री धरलेले प्रल्हादराव, मागे सगळी साकरआळी. मागच्या वेळी जे कामावर होते ते आले. ज्यांना मागच्या वेळी यायला जमलं नव्हतं आणि त्याचं वाईट वाटलं होतं, ते भांडायला आले. शत्रुघ्न टेम्पो घेऊन चालला होता. पेटीची भानगड पुन्हा निघाली की काय म्हणून तोही टेम्पो लावून मागोमाग आला. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. काही जण कुंपणावर चढले.

"मटिल्डाबाय!" जोआना ओरडली. "भायेर ये! ह्या मानसाला सांग एकदाचं!"

आतून कुणी आलं नाही. ओटीवर फ्लॉसी बसली होती. ती पेटीतले कांदे एक एक करून टोपलीत काढत होती. तिनं मान वर केली, एवढ्या माणसांकडे पाहिलं आणि हातातला कांदा तसाच धरून ती रडू लागली.

जोआनाचे हात कंबरेवरून खाली आले. कुणीतरी टोपी काढली. कुंपणावरची माणसं हळूच उतरली.

सगळं रीतीप्रमाणे झालं. पेटी कितीही पुसली तरी कांद्याचा वास गेला नाही, त्यामुळे डोळे पुसण्यात कुणीच मागे राहिलं नाही. खांदा द्यायला इतके जण पुढे आले की जॅक्सनचा दुखरा खांदा कुणाला लागलाच नाही. जोआना सगळ्यांत मोठ्यानं रडली आणि मध्ये मध्ये "बांध तूच घे गं," असं म्हणाली. आता ते म्हणायला हरकत नव्हती.

प्रल्हादराव सर्वांत मागून चालले होते. पेटी अंगणातून निघाली तेव्हा लाइट गेली. आता ती कुठल्या क्षणी येईल आणि कोण कुठे पंप लावायला पळेल, याचा नेम नव्हता. पेटी क्रूसाच्या वळणाला पोचली. चॅपेलच्या पायऱ्यांशी पोचली. आणि लाइट आली.

वर काहीतरी कुरकुरलं. एक ठोका पडला.

शांतता झाली. डबीतली सर्वांत मोठी विश्रांती. कुणी हललं नाही. एकाही विहिरीवर पंप सुरू झाला नाही.

दुसरा ठोका पडला. जॅक्सन बटणाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. त्यानं प्रल्हादरावांकडे पाहिलं. प्रल्हादरावांनी मानेनं नको म्हटलं. जॅक्सन परत फिरून पेटीमागे उभा राहिला.

खिशात फोन वाजला. प्रल्हादराव बाजूला झाले.

"अहो, घंटा ऐकली," पलीकडून वसुंधराबाई म्हणाल्या. "लाइट आल्याची ना?"

"नाही," प्रल्हादराव म्हणाले. "मटिल्डाबायची."

"पण इथे दिवे लागलेत."

"लागले असतील. तरी तिचीच आहे."

एवढं ठाम वसुंधराबाईंनी नवऱ्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मयताहून येणार म्हणजे आधी अंघोळ लागेल. गिझर लावून ठेवते."